अरण्यातील घंटानाद : संन्यासी हुनिपेरो सेर्रा यांची जीवनकथा

महाशिवरात्रीच्या पर्वावर भीमाशंकराच्या दर्शनास जाणारे भाविक तेथील शनिमंदिरासमोर टांगलेली प्रचंड घंटा पाहून क्षणभर थबकतात. तिच्या अंगावर ख्रिस्ती धर्माची चिन्हे कोरलेली आहेत. १७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकून घेतला, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवस्थानांना अर्पण झाल्या. वाईजवळचे मेणवली, नाशिकच्या गोदातीरावरील नारोशंकराचे देवालय, भीमाशंकर, अशा ठिकाणी त्या आजही पाहावयास मिळतात. ज्या घंटा एके काळी मेरीमातेच्या प्रार्थनेची वेळ सांगत होत्या, त्या शिवमंदिरांत आल्या आणि महादेवाच्या पूजेत त्यांचा नाद मिसळून गेला. धातू तोच राहिला, स्वरही तोच राहिला.

आपल्या पूजाविधीत घंटेला फार मोठे स्थान आहे. पूजेच्या आरंभी घंटेलाच गंध, अक्षता, फूल वाहून तिची पूजा करावयाची असते. देवांचे आगमन व्हावे आणि आसुरी वृत्तींनी दूर निघून जावे, हा घंटानादाचा हेतू आपल्या शास्त्रकारांनी सांगितला आहे. ख्रिस्ती परंपरेतही नव्या घंटेवर पवित्र जल शिंपडतात, तिला पवित्र तेल लावतात आणि एखाद्या संताचे नाव देतात. दूरदूरच्या दोन धर्मपरंपरांनी कांशाच्या या पात्राला असे जवळजवळ सारखेच पावित्र्य द्यावे, ही विचार करावी अशी गोष्ट आहे.

वसईच्या किल्ल्यात ज्या फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होता, त्याच संघाच्या एका स्पॅनिश संन्याशाची कथा आज सांगावयाची आहे. वसई पडली त्या वर्षी हा पुरुष पंचविशीत होता आणि येथून हजारो कोस दूर, भूमध्य समुद्रातील एका बेटावर अध्ययनात मग्न होता. पुढे त्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या अरण्यात, झाडांच्या फांद्यांना घंटा टांगून नऊ धर्मकेंद्रे स्थापन केली. त्याचे नाव हुनिपेरो सेर्रा. त्याच्या भक्तीविषयी शंका घेता येत नाही. परंतु त्याने टांगलेल्या घंटांनी पुढे काय केले, हा प्रश्नही टाळता येत नाही.

बेटावरील बालक

स्पेनच्या मायोर्का बेटावर पेत्रा नावाचे लहानसे गाव आहे. या गावी २४ नोव्हेंबर १७१३ रोजी अंतोनी सेर्रा आणि मार्गारीदा फेरेर या शेतकरी दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव मिकेल जोसेप असे ठेवण्यात आले. मूल किरकोळ बांध्याचे आणि नाजूक प्रकृतीचे होते. घर गरिबीचे, पण श्रद्धाळू होते. गावातच फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होता. त्या मठाच्या घंटेच्या टोलांवर गावाचा दिवस उगवत असे आणि मावळत असे. मुलाचे प्राथमिक शिक्षण याच मठात झाले, आणि तेथेच त्याला संन्यासजीवनाची ओढ लागली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो पुढील शिक्षणासाठी पाल्मा या बेटावरील मुख्य नगरात गेला. १७३० साली त्याने फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि पुढील वर्षी व्रतदीक्षा घेतली. दीक्षेच्या वेळी पूर्वाश्रमीचे नाव टाकून नवे नाव धारण करावयाचे असते. आपल्याकडील संन्यासदीक्षेतही हीच रीत आहे. त्याने हुनिपेरो हे नाव निवडले. संत फ्रान्सिसचा एक अत्यंत भोळा, निष्कपट आणि देहभान विसरलेला शिष्य या नावाचा होऊन गेला होता. विद्वत्तेकडे कल असलेल्या या तरुणाने नाव मात्र त्या साध्याभोळ्या भक्ताचे घ्यावे, यातच त्याच्या स्वभावाची खूण आहे.

विद्वत्तेचे फळही त्याला लवकरच मिळाले. फादर सेर्रा तत्त्वज्ञान शिकवू लागले. धर्मशास्त्राची सर्वोच्च पदवी त्यांनी मिळविली आणि पाल्माच्या विद्यापीठात ते धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. फ्रान्सिस्को पालोऊ आणि हुआन क्रेस्पी हे त्यांचे विद्यार्थी होते. पुढे हे दोघेही कॅलिफोर्नियात त्यांचे सहकारी झाले, आणि पालोऊ यांनी तर गुरूचे चरित्र लिहून ठेवले. आज सेर्रांविषयी जे सांगितले जाते, त्यातील पुष्कळसे या शिष्याच्याच लेखणीतून आलेले आहे.

मातापित्यांचा निरोप

मानमान्यता, विद्यार्थ्यांचे प्रेम, प्रवचनकार म्हणून लौकिक, सारे काही असता वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सेर्रांनी हे सर्व सोडण्याचा निश्चय केला. ज्या लोकांपर्यंत ख्रिस्ताचे नाव पोचलेले नाही, त्यांच्यात जाऊन उर्वरित आयुष्य घालवावे, अशी तळमळ त्यांना लागली होती. १७४९ साली त्यांनी पालोऊंसह मायोर्काचा किनारा सोडला.

पेत्रा येथे वृद्ध आईवडील होते. पुत्र कायमचा जात आहे हे त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य सेर्रांना झाले नाही. कादिझ बंदरातून त्यांनी गावच्या मठातील एका स्नेही संन्याशाला पत्र लिहिले, आणि ते आपल्या घरी वाचून दाखवावे अशी विनंती केली. आईवडिलांनी शोक करू नये, ईश्वराने त्यांच्या मुलाला मोठ्या सेवेसाठी निवडले याचा आनंद मानावा, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या घरातून एखादा मुलगा संन्यासमार्गाला लागला, त्या घरालाच अशा पत्राचे मोल कळेल. मातापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही.

अटलांटिक महासागरावरील प्रवासात पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली. डिसेंबरात जहाज मेक्सिकोतील वेराक्रूझ बंदराला लागले. पुढे मेक्सिको नगरापर्यंत जाण्यास घोड्यांची सोय होती. परंतु संघाच्या मूळ नियमाला अनुसरून सेर्रांनी पायी जाण्याचे ठरविले. वाटेत एका पायाला कीटकदंश झाला, तो सुजला आणि त्यावर व्रण पडला. हा व्रण पुढे पस्तीस वर्षे भरला नाही. आयुष्यातील मोठमोठे प्रवास त्यांनी या अधू पायानेच केले. १ जानेवारी १७५० रोजी ते मेक्सिको नगरातील सान फर्नांदो मठात पोचले.

त्याच वर्षी त्यांची रवानगी सिएरा गोर्दा नावाच्या दुर्गम डोंगराळ प्रदेशात झाली. तेथे पामे जमातीचे लोक राहत. सेर्रांनी त्यांची भाषा शिकून घेतली आणि प्रार्थना त्यांच्या बोलीत आणल्या. गुरेढोरे, बियाणे, शेतीची अवजारे मिळवून लोकांना स्थिर शेतीस लावले. हाल्पान येथे मोठे दगडी चर्च उभे राहत असता हे धर्मशास्त्राचे आचार्य मजुरांच्या ओळीत उभे राहून ओझी वाहत. त्या भागातील पाच मिशनांची गणना २००३ पासून जागतिक वारशात होते. आठ वर्षांनंतर ते मेक्सिको नगरात परत आले, आणि पुढील काही वर्षे प्रवचने व धर्मयात्रा यांत गेली. या काळात त्यांची देहदंडाची तपश्चर्या अत्यंत कठोर होती. प्रवचन करताना श्रोत्यांना पश्चात्तापाची प्रेरणा व्हावी म्हणून ते दगडाने स्वतःची छाती बडवून घेत.

उत्तरेकडील वाट

१७६७ साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने आपल्या सर्व राज्यांतून जेझुइट संघाला हद्दपार केले. मेक्सिकोच्या पश्चिमेस असलेल्या कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील त्यांची मिशने फ्रान्सिस्कन संघाकडे सोपविण्यात आली, आणि सेर्रा तेथील प्रमुख झाले. याच सुमारास रशियन लोक उत्तरेकडून किनाऱ्याने खाली सरकत असल्याची वार्ता स्पॅनिश दरबाराला लागली होती. म्हणून राजाचे विशेष अधिकारी होसे दे गाल्वेस यांनी उत्तर कॅलिफोर्नियात लष्करी ठाणी आणि मिशने बरोबरच वसविण्याची योजना आखली. साम्राज्याचा हेतू आणि धर्माचा हेतू असे एकाच जहाजात बसले, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावयास हवी.

नव्या मिशनांसाठी जुन्या मिशनांतून पूजापात्रे, वस्त्रे आणि घंटा गोळा करण्यात आल्या. अरण्यात जावयाचे तर घंटा कशाला, असा प्रश्न मनात येईल. स्पॅनिश लोकांच्या समजुतीप्रमाणे घंटा हाच वस्तीचा प्राण होता. घंटेचा आवाज जेथपर्यंत पोचतो, तेथपर्यंत गाव. रानावनांत विखुरलेल्या लोकांना एका ठिकाणी आणून वसविणे यालाच त्यांच्या बोलीत घंटेखाली आणणे असे म्हणत. भिंती आणि छप्पर मागाहून होत. घंटा आधी टांगली जाई.

१७६९ च्या मार्चमध्ये सेर्रा लोरेतो गावाहून उत्तरेस निघाले. पायाची व्यथा इतकी वाढली की त्यांना उभे राहवेना. मोहिमेचे सेनापती गास्पार दे पोर्तोला यांनी त्यांना परत जाण्याचा आग्रह केला. सेर्रांनी मात्र खेचरे हाकणाऱ्या एका साध्या माणसाला बोलाविले आणि खेचराच्या जखमेवर तो जो उपाय करतो तोच आपल्या पायावर करण्यास सांगितले. त्या माणसाने संकोचून चरबी आणि वनस्पती यांचा लेप करून बांधला. दुसऱ्या दिवशी सेर्रा पुढील वाटचालीस तयार होते. १ जुलै रोजी ते सान दिएगो येथे पोचले, आणि १६ जुलै १७६९ रोजी तेथे उत्तर कॅलिफोर्नियातील पहिल्या मिशनची स्थापना झाली.

आरंभ अत्यंत कष्टाचा होता. समुद्रमार्गे आलेले अनेक खलाशी स्कर्व्हीच्या रोगाने मरण पावले होते. स्थानिक कुमेयाय लोक या परक्यांपासून दूर राहत. एकदा एका पित्याने आपले मूल बाप्तिस्म्यासाठी आणले. सेर्रा त्याच्या मस्तकावर पाणी घालणार, तोच लोकांनी भीतीने ते मूल ओढून घेतले आणि पळ काढला. हा प्रसंग आठवून सेर्रा पुढे कित्येक वर्षे डोळ्यांत पाणी आणीत. दोष आपल्याच पापांचा, असे त्यांना वाटे.

१७७० च्या मार्चमध्ये अन्नधान्य संपत आले. परत फिरण्यावाचून गत्यंतर नाही, असे पोर्तोला यांनी ठरविले. सेर्रांनी संत जोसेफच्या सणापर्यंतची मुदत मागून घेतली, आणि नऊ दिवसांचे प्रार्थना-अनुष्ठान आरंभिले. नवरात्रातील अनुष्ठानाची महती जाणणाऱ्या वाचकांना त्या नऊ दिवसांची उत्कंठा सहज कळेल. १९ मार्च रोजी, सणाच्याच दिवशी, क्षितिजावर धान्य घेऊन येणाऱ्या जहाजाचे शीड दिसले. मोहीम वाचली. ३ जून १७७० रोजी मॉन्टेरेच्या उपसागराकाठी, एका विशाल ओक वृक्षाखाली वेदी मांडून, फांदीला घंटा टांगून, दुसऱ्या मिशनची स्थापना झाली. पुढील वर्षी सेर्रांनी हे मिशन सैनिकांच्या ठाण्यापासून दूर, जवळच्या कार्मेल नदीकाठी हलविले, आणि तेच त्यांचे कायमचे निवासस्थान झाले.

ओकच्या फांदीवरील घंटा

सेर्रांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य प्रसंग १४ जुलै १७७१ चा आहे. मॉन्टेरेच्या दक्षिणेस, ओक वृक्षांनी भरलेल्या एका खोऱ्यात सान आंतोनिओ मिशनची जागा मुक्रर झाली. खेचरांच्या पाठीवरील ओझी उतरली. सेर्रांनी सर्वांआधी घंटा झाडाच्या फांदीवर चढविली आणि दोर हाती घेऊन ते ती आवेशाने वाजवू लागले. त्या निर्जन खोऱ्याला उद्देशून, लोकांनी यावे, देवाच्या घरी यावे, अशी साद ते मोठ्याने घालू लागले. बरोबरचे संन्यासी चकित झाले. त्यांच्यापैकी एकाने हळूच सुचविले, की येथे चर्च नाही, आसपास मनुष्यमात्र नाही, तेव्हा हे श्रम व्यर्थ आहेत. सेर्रांनी त्याला सांगितले, की त्यांचे अंतःकरण भरून आले आहे, ते त्यांना मोकळे करू द्यावे. ही घंटा सगळ्या जगाला ऐकू जावी, निदान या डोंगरांत राहणाऱ्या प्रत्येकाला तरी ऐकू जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग क्रूस उभारला गेला आणि उपासना झाली. उपासना संपताना सेर्रांनी मागे वळून पाहिले, तो दूर एक स्थानिक मनुष्य कुतूहलाने उभा होता. घंटेच्या नादानेच तो आला होता. सेर्रांना अत्यानंद झाला. त्यांनी त्याला प्रेमाने जवळ घेतले, भेटवस्तू दिल्या. तो परत गेला आणि आपल्या लोकांना घेऊन आला.

या प्रसंगातील भक्तीची आर्तता कोणत्याही धर्माच्या मनुष्याला ओळखू येईल. आलेला तो एकटा मनुष्य आपल्या मनाने आला होता, आणि परत जाण्यासही मोकळा होता. पुढील कथा वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

घंटेखालील दिवस

मिशनमधील जीवन कसे होते? सूर्योदयाबरोबर पहिली घंटा होई. सर्वांनी उठून चर्चमध्ये जमावयाचे, प्रार्थना व उपासना करावयाची. नंतर पुन्हा घंटा, आणि भाजलेल्या जवाच्या पिठाची पेज. पुन्हा घंटा, आणि कामाला जाणे. पुरुष नांगरणी, विटा पाडणे, गुरे राखणे यांत गुंतत. स्त्रिया दळण, कताई, विणकाम करीत. माध्यान्ही प्रार्थनेची घंटा, मग गहू, मका आणि कडधान्ये एकत्र शिजवून केलेले जेवण. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा कामाची घंटा. सूर्यास्ताला सायंप्रार्थनेची घंटा, आणि शेवटी रात्रीच्या विसाव्याची. मृत्यूची घंटा वेगळी, सणाची वेगळी, संकटाची वेगळी. लोखंडाचा व दोरखंडाचा तुटवडा असल्याने घंटांना कच्च्या चामड्याच्या वाद्या बांधीत, आणि घंटा वाजविण्याचे काम बहुधा स्थानिक मुलांकडे असे.

वरवर पाहता हे एखाद्या आश्रमाच्या दिनचर्येसारखे वाटेल. आश्रमातही पहाटेची घंटा असते, भोजनाची असते. मात्र आश्रमवासी स्वेच्छेने तेथे आलेला असतो आणि स्वेच्छेने बाहेर पडू शकतो. मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यास परवानगीवाचून कायमचे निघून जाण्याची मोकळीक नव्हती. जो पळून जाई, त्याला शोधून परत आणीत. कधी सहकारी पाठवून, कधी सैनिक पाठवून. परत आणलेल्यांना फटक्यांची शिक्षा होई. अविवाहित मुलींना रात्री वेगळ्या घरात कुलपाआड ठेवीत. समुद्र आणि रान यांच्या ऋतुचक्रावर ज्यांचे जीवन शतकानुशतके चालले होते, कंदमुळे, ओकची फळे, मासळी यांचा ज्यांचा ऋतू ठरलेला होता, त्यांच्या काळाची सूत्रे आता घंटेच्या हाती गेली.

सेर्रांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७८६ साली, ला पेरूज नावाचे फ्रेंच दर्यावर्दी कार्मेल मिशनला आले. संन्याशांच्या व्यक्तिगत सदाचरणाची त्यांनी प्रशंसा केली. परंतु घंटेच्या टोलावर कामाला आणि प्रार्थनेला नेले जाणारे ते स्त्रीपुरुष पाहून त्यांना वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मळ्यांची आठवण झाली, असेही त्यांनी नमूद करून ठेवले. एकत्र दाट वस्तीमुळे आणि परकीयांबरोबर आलेल्या रोगांमुळे मिशनांत मृत्यूचे प्रमाण भयंकर वाढले. मृत्यूची घंटा फार वेळा वाजू लागली.

करुणा आणि सत्ता

सेर्रा निर्दय होते असे म्हणता येणार नाही. सैनिकांकडून स्थानिक स्त्रियांवर होणारे अत्याचार पाहून ते व्याकुळ झाले. लष्करी अधिकारी पेद्रो फाहेस यांच्याशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, आजारी शरीराने, ते मेक्सिको नगरापर्यंत गेले, आणि १७७३ साली राजप्रतिनिधी बुकारेली यांच्यापुढे बत्तीस कलमांचे निवेदन ठेवले. फाहेस यांची उचलबांगडी झाली. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांचा कारभार, शिक्षण आणि शिक्षा हे सारे संन्याशांच्याच हाती, बाप मुलांवर चालवितो त्या अधिकाराने, राहावे असा निर्णय त्यांना मिळाला.

या निर्णयातच त्यांच्या जीवनाची गुंतागुंत सामावलेली आहे. सैनिकांच्या हातून ज्यांना वाचवावयाचे, त्यांनाच त्यांनी संन्याशांच्या आज्ञेखाली आणले. पित्याच्या मायेने शिक्षा करणे हे आपले कर्तव्यच आहे, असे ते प्रामाणिकपणे मानीत. पुढे गव्हर्नर फेलिपे दे नेवे यांनी फटक्यांच्या शिक्षेवर आक्षेप घेतला, तेव्हाही सेर्रांनी तिचे समर्थनच केले. पण पिता आपले मूल कधीतरी मोठे झाले असे मानतो. मिशनमधील प्रौढ स्त्रीपुरुष मात्र मिशनच्या दृष्टीने मुलेच राहिली.

१७७५ च्या नोव्हेंबरात सान दिएगो येथे कुमेयाय लोकांचा उद्रेक झाला. मध्यरात्री शेकडो लोकांनी मिशनला वेढा घातला आणि ते जाळले. फादर लुईस हायमे आणि इतर दोघे मारले गेले. याच वेळी उत्तरेस सान हुआन कापिस्त्रानो येथे नवे मिशन वसविण्याचे काम नुकतेच आरंभले होते. ही वार्ता येताच तेथील संन्याशांनी घंटा जमिनीत पुरून ठेवल्या आणि ते सान दिएगोच्या ठाण्यात आश्रयाला गेले. एक वर्ष त्या घंटा मातीखाली मुक्या राहिल्या. १ नोव्हेंबर १७७६ रोजी सेर्रा स्वतः तेथे आले. घंटा उकरून काढून पुन्हा टांगल्या गेल्या आणि मिशनची पुनःस्थापना झाली.

सान दिएगोच्या हल्लेखोरांविषयी सेर्रांनी घेतलेली भूमिका त्यांच्या मोठेपणाची साक्ष देते. अपराध्यांना देहदंड देऊ नये, त्यांना क्षमा करावी, आणि उद्या आपणासही कोणी ठार मारले तर त्यालाही क्षमा मिळावी, अशी विनंती त्यांनी राजप्रतिनिधींना पत्र लिहून केली. ती मान्य झाली. ज्यांना फटक्यांची शिक्षा योग्य वाटे, त्यांनीच मारेकऱ्यांसाठी क्षमा मागावी, हे दोन्ही एकाच हृदयात नांदत होते.

अखेरचे टोल

१७८२ साली सान बुएनाव्हेन्तुरा हे त्यांच्या हयातीतील नववे मिशन स्थापन झाले. तोपर्यंत शरीर पार थकले होते. छातीचा विकार, पायाचा व्रण आणि अविरत प्रवास. तरीही मिशनामिशनांतून फिरून नवदीक्षितांना दृढीकरणाचा संस्कार देण्याचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या अखेरीपर्यंत या मिशनांतून सहा हजारांवर लोकांचे बाप्तिस्मे झाले होते.

१७८४ च्या ऑगस्टमध्ये अंत समीप आल्याचे त्यांना कळून चुकले. त्यांनी पालोऊंना बोलावून घेतले. अखेरचा प्रसाद त्यांनी खोलीत आणवून घेतला नाही. देवाने आपल्याकडे यावे, त्यापेक्षा आपणच देवाकडे जावे, म्हणून ते स्वतः पायी चर्चमध्ये गेले, गुडघे टेकले आणि क्षीण नव्हे तर खणखणीत आवाजात स्तोत्र गाइले. मिशनच्या सुताराला बोलावून त्यांनी स्वतःची शवपेटी करण्यास सांगितले. २८ ऑगस्ट रोजी दुपारी, फळ्यांच्या बिछान्यावर, छातीशी क्रूस घेऊन, सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

मृत्यूची घंटा वाजली आणि कार्मेलचे स्थानिक लोक धावून आले. त्यांनी रानफुले आणून त्या देहावर वाहिली. पुष्कळांच्या डोळ्यांत अश्रू होते, आणि त्या अश्रूंच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उपसागरात नांगरलेल्या जहाजावरून तोफांची सलामी झाली. कार्मेलच्या चर्चमध्येच त्यांना समाधी देण्यात आली.

नादाचा निवाडा

त्यांच्यामागे मिशनांची संख्या वाढून एकवीस झाली. शेवटचे १८२३ सालचे. कापिस्त्रानो येथे भव्य दगडी चर्च उभे राहिले. पण ८ डिसेंबर १८१२ रोजी उपासना चालू असता भूकंप झाला, शिखर कोसळले, आणि सुमारे चाळीस स्थानिक भाविक व घंटा वाजविणारी दोन मुले त्याखाली सापडून मरण पावली. तेथील चार घंटा पुढील वर्षी एका भिंतीत टांगल्या गेल्या. स्वतंत्र मेक्सिकोच्या सरकारने १८३३ नंतर मिशनांचा कारभार संन्याशांकडून काढून घेतला. १९०६ पासून कॅलिफोर्नियाच्या जुन्या राजमार्गावर जागोजागी वाकड्या खांबांवर घंटा उभारण्यात आल्या, आणि घंटा हीच त्या प्रदेशाची ओळख झाली.

सेर्रांना १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धन्यपद दिले आणि २३ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वॉशिंग्टन येथे संतपद दिले. त्याच वेळी मूळ रहिवाशांच्या अनेक वंशजांनी दुःख व निषेध व्यक्त केला. २०१९ साली आमाह मुत्सुन जमातीच्या मागणीवरून सांताक्रूझ येथील विद्यापीठाच्या आवारातील मार्गावरची घंटा उतरविण्यात आली. पूर्वजांना जिच्या टोलावर उठावे, राबावे लागले, ती घंटा रोज डोळ्यांसमोर नको, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० साली सेर्रांचे काही पुतळेही पाडण्यात आले. एका घरी ते संत आहेत, तर दुसऱ्या घरी पूर्वजांच्या दुःखाचे कारण आहेत.

त्या दूरच्या वादात निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र या जीवनातून घेण्यासारखा बोध आहे. सान आंतोनिओच्या खोऱ्यातील घंटा ही हाक होती. कार्मेलच्या अंगणातील घंटा ही आज्ञा झाली. वाजविणाऱ्याची भक्ती दोन्ही वेळा सारखीच उत्कट होती. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या मोकळेपणात. भक्ताचे मन कितीही निर्मळ असले, तरी समोरच्याला नाही म्हणण्याची वाट उरली नाही, की हाकेचे पावित्र्य उणे होते.

हा बोध दुसऱ्यांसाठीच आहे असे मात्र कोणी समजू नये. वसईहून आलेली घंटा नाशिकच्या ज्या पंचवटीत गोदाकाठी आहे, त्याच पंचवटीत काळारामाच्या दारी २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष दर्शनाच्या हक्कासाठी उभे राहिले होते. तिकडे घंटेखालून जाण्यास मज्जाव होता, इकडे घंटेपर्यंत येण्यास मज्जाव होता. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने माणसाचा मार्ग माणसानेच अडविला.

आपल्या देवळात घंटा उंबरठ्याजवळ टांगलेली असते, आणि ती वाजवितो तो येणारा भाविक स्वतः. देवाला हाक तो आपल्या हाताने मारतो, दर्शन घेतो आणि आपल्या पायांनी घरी जातो. या साध्या रीतीत पूर्वजांनी फार मोठे शहाणपण साठवून ठेवले आहे. या महाशिवरात्रीला भीमाशंकराच्या किंवा आपल्या गावच्या शिवालयात घंटेचा लोलक हाती घ्याल, तेव्हा समुद्रापलीकडील त्या ओक वृक्षाची आणि त्या हाकेसरशी आपखुशीने आलेल्या एकट्या मनुष्याची आठवण ठेवावी. आपल्यामागे रांगेत जो उभा आहे, त्याचाही हात त्या घंटेपर्यंत निर्वेधपणे पोचावा, हीच त्या दिवशी महादेवाच्या चरणी प्रार्थना असो.